छापा पडल्यावर नेमके काय नाहीसे होते? नॅप्स्टर ते व्हॉट.सीडी : एक थ्रेड

१/
१७ नोव्हेंबर २०१६ रोजी व्हॉट.सीडी नावाचा इंटरनेटवरील एक संगीतसंग्रह कायमचा बंद झाला. नऊ वर्षांच्या आयुष्यात त्यात दहा लाखांच्या घरात अल्बमांची नोंद झाली होती. हा संग्रह कायद्याच्या दृष्टीने अवैध होता, याविषयी वाद नाही. तरीही तो बंद झाल्यावर अनेक संगीतप्रेमींनी ग्रंथालय जळाल्याची उपमा वापरली. या उपमेत अतिशयोक्ती किती आणि तथ्य किती, हे तपासण्यासाठी हा थ्रेड.

२/
पायरसीविरोधी कारवाईचा इतिहास बहुधा दोन बाजूंनी सांगितला जातो. कंपन्या बुडालेल्या महसुलाचा हिशेब मांडतात, तर वापरकर्ते दडपशाहीची तक्रार करतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिसरा प्रश्न विचारायला हवा : प्रत्येक कारवाईनंतर काय टिकले आणि काय गेले? गाण्याच्या फाइली, त्यांची सूची, त्या सूचीभोवती जमलेली माणसे आणि त्यांचे ज्ञान या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्या चौघींचे नशीब एकसारखे नव्हते.

३/
आरंभ जून १९९९ मध्ये झाला. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकणाऱ्या शॉन फॅनिंग या तरुणाने नॅप्स्टर नावाचा प्रोग्रॅम लिहिला. एमपी३ पद्धतीमुळे गाण्याची फाइल मूळ आकाराच्या दहाव्या हिश्शाएवढी लहान करता येत होती आणि अमेरिकी वसतिगृहांत वेगवान इंटरनेट पोहोचले होते. या दोन गोष्टींची सांगड नॅप्स्टरने घातली. दोन वर्षांच्या आत त्याचे वापरकर्ते कोट्यवधींच्या संख्येत गेले.

४/
नॅप्स्टरच्या रचनेतच त्याचा शेवट दडलेला होता. कंपनीच्या सर्व्हरवर गाणी साठवलेली नव्हती. ती वापरकर्त्यांच्या संगणकांवरच राहत. सर्व्हरवर फक्त यादी असे : कोणते गाणे या क्षणी कोणाकडे आहे. गाणे शोधता शोधता त्या माणसाचा सगळा संग्रह चाळता येई आणि त्याच्याशी गप्पाही मारता येत. आपल्यासारखीच विक्षिप्त आवड असलेला माणूस हजारो मैलांवर आहे, हा शोध अनेकांना तेव्हा प्रथम लागला.

५/
डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपन्यांनी नॅप्स्टरवर खटला भरला. त्यांची संघटना म्हणजे आरआयएए. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : प्रत कोणीही करो, त्या प्रतींचा बाजार तुम्ही चालवता. नॅप्स्टरचे म्हणणे असे की, आम्ही केवळ पत्ता सांगतो. या वादाचे मूळ यादीच्या मालकीत आणि जबाबदारीत होते. पुढील सतरा वर्षांतील जवळजवळ प्रत्येक खटला याच प्रश्नाभोवती फिरला.

६/
एप्रिल २००० मध्ये मेटॅलिका या हेवी मेटल बँडने स्वतंत्र खटला दाखल केला. प्रकाशित न झालेले त्यांचे एक गाणे नॅप्स्टरवरून फुटून थेट रेडिओवर वाजू लागले होते. त्यांचा राग समजण्याजोगा होता. मात्र याच बँडचे नाव पसरले होते ते कॅसेटच्या देवाणघेवाणीतून. १९८२ मधील त्यांचा डेमो चाहत्यांनी कॅसेटवरून कॅसेटवर उतरवत, टपालाने पाठवत देशोदेशी नेला होता.

७/
मग फरक कुठे होता? कॅसेटची प्रत करायला तेवढाच वेळ लागे जेवढा गाणे ऐकायला. प्रत्येक पुढच्या प्रतीत खरखर वाढे आणि टपालखर्च स्वतः भरावा लागे. या अडचणींमुळेच देवाणघेवाण चाहत्यांच्या वर्तुळात राहिली. नॅप्स्टरने त्या सगळ्या अडचणी एकदम दूर केल्या. चाहता आणि फुकटा यांना वेगळे करणारी चाळणीच उरली नाही. पुढे खासगी संग्रहांनी हीच चाळणी कृत्रिमरीत्या पुन्हा उभी केली. तो भाग पुढे येईल.

८/
मे २००० मध्ये मेटॅलिकाच्या वतीने ३,३५,४३५ वापरकर्त्यांच्या नावांची छापील यादी खोक्यांत भरून नॅप्स्टरच्या कार्यालयात पोहोचवण्यात आली. नॅप्स्टरने तीन लाखांहून अधिक खाती बंद केली. यादीतली माणसे म्हणजे मेटॅलिकाचीच गाणी शोधणारी माणसे, अर्थात मोठ्या प्रमाणावर त्यांचेच चाहते. एखाद्या कलावंताने आपल्या श्रोत्यांची नावनिशीवार यादी आरोपपत्रासारखी सादर करावी, असे दृश्य संगीताच्या इतिहासात पूर्वी दिसलेले नव्हते.

९/
जुलै २००० मध्ये न्यायाधीश मेरिलिन हॉल पटेल यांनी नॅप्स्टरविरुद्ध मनाई हुकूम दिला आणि फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाने कंपन्यांची बाजू मूलतः उचलून धरली. नॅप्स्टरला गाण्यांची नावे गाळावी लागली. त्यावर वापरकर्त्यांनी उपाय काढला : आपल्या 'च'च्या भाषेसारखी इंग्रजी मुले जी उलटसुलट भाषा बोलतात, तिच्यात ते फाइलींची नावे लिहू लागले. हा खेळ काही महिनेच चालला. जुलै २००१ मध्ये नॅप्स्टरचे जाळे थांबले.

१०/
आता हिशेब मांडू. नॅप्स्टर थांबले तेव्हा एकही गाणे नष्ट झाले नाही. फाइली होत्या तिथेच, लाखो संगणकांवर राहिल्या. नाहीशी झाली ती यादी, म्हणजे माणसांना एकमेकांपर्यंत नेणारी वाट. ही उणीव न्युटेला आणि काझा यांसारख्या जाळ्यांनी त्वरित भरून काढली. त्यांनी नॅप्स्टरच्या खटल्यातून घेतलेला धडा तांत्रिक होता : मध्यवर्ती यादीच ठेवायची नाही, म्हणजे बंद करायला एक दार उरत नाही.

११/
दार सापडेना, तेव्हा कंपन्या घराघरांत गेल्या. ८ सप्टेंबर २००३ रोजी आरआयएएच्या सदस्य कंपन्यांनी २६१ व्यक्तींवर एकाच वेळी दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कमधील बारा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या कुटुंबाने २,००० डॉलर भरून तडजोड केली. २००८ च्या अखेरीस ही मोहीम थांबवण्यात आली, तोवर सुमारे ३५,००० लोकांना तिची झळ पोहोचली होती.

१२/
बहुतेकांनी काही हजार डॉलर भरून सुटका करून घेतली. मिनेसोटा राज्यातील एका महिलेने मात्र न्यायालयात लढायचे ठरवले. २००९ च्या फेरसुनावणीत ज्यूरीने तिला २४ गाण्यांसाठी १९ लाख २० हजार डॉलरची भरपाई सांगितली. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने ती २,२२,००० डॉलरवर आणली, म्हणजे प्रत्येक गाण्यामागे ९,२५० डॉलर. दुकानात तेच गाणे ९९ सेंटला मिळत होते.

१३/
येथे दुसरी बाजू नोंदवणे न्यायाचे ठरेल. १९९९ नंतरच्या पंधरा वर्षांत अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल निम्म्याहून खाली आली. त्याचे सगळे कारण पायरसी नव्हती. अख्खा अल्बम घेण्याऐवजी एकेक गाणे विकत घेण्याची सवयही त्याला कारणीभूत होती. पण पायरसीचा वाटा नव्हता, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. यात मोठ्या कंपन्यांबरोबर छोटी दुकाने, स्टुडिओतील तंत्रज्ञ आणि सत्रावर वाजवणारे वादकही भरडले गेले.

१४/
दरम्यान २००१ मध्ये ब्रॅम कोहेन या प्रोग्रॅमरने बिटटॉरेंट ही पद्धत आणली होती. तिच्यात फाइलीचे लहान लहान तुकडे होतात. जो घेतो, तोच घेतलेले तुकडे दुसऱ्याला देऊ लागतो. कोणाकडे कोणता तुकडा आहे, हे सांगणाऱ्या सर्व्हरला ट्रॅकर म्हणतात. पूर्ण फाइल मिळाल्यावरही इतरांसाठी संगणक चालू ठेवणे म्हणजे सीडिंग. पंगतीत जेवून उठल्यावर पुढच्या पंगतीला वाढायला उभे राहण्यासारखी ही रीत आहे.

१५/
पण जेवून निघून जाणाऱ्यांची संख्या नेहमीच जास्त असते. त्यामुळे लोकप्रिय गाणी चार दिवस मिळत आणि दुर्मीळ गाणी कोणी धरून ठेवत नसे. यावर तोडगा काढला तो खासगी ट्रॅकरांनी. इंग्लंडमधील मिडल्सब्रो येथील ॲलन एलिस या तरुणाने २००४ मध्ये ओइंक नावाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात निमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता. जितके घ्याल त्याच्या ठरावीक प्रमाणात इतरांना द्यायलाच हवे, हा तिथला नियम होता. न पाळणाऱ्याला बाहेर काढले जाई.

१६/
हा नियम वरवर हिशेबी वाटतो, पण त्याचे परिणाम दूरगामी होते. आपले देणे वाढवायचे तर जे कोणाकडे नाही ते आणावे लागे. मग सदस्य जुन्या बाजारातून तबकड्या विकत घेऊ लागले, सार्वजनिक ग्रंथालयांतून सीडी आणून काळजीपूर्वक उतरवू लागले. खपाच्या दृष्टीने ज्यांना काडीची किंमत नव्हती, अशा ध्वनिमुद्रिका वर्षानुवर्षे उपलब्ध राहू लागल्या. बाजाराने टाकून दिलेले जतन करण्याचे काम एका अवैध संस्थेच्या नियमावलीतून घडत होते.

१७/
ओइंकचे सदस्य सुमारे १,८०,००० असल्याचे तेव्हा सांगितले गेले. अनेक नवे अल्बम प्रकाशनाआधीच तिथे फुटत आणि कंपन्यांचा मुख्य रोष त्यावरच होता. हा रोष अनाठायी नव्हता. दुसरीकडे नाइन इंच नेल्सचे ट्रेंट रेझनर यांनी आपण ओइंकचे सदस्य होतो, हे उघडपणे मान्य केले आणि इतके सुव्यवस्थित संगीतभांडार आपण दुकानांत कुठे पाहिले नसल्याचा अभिप्राय दिला. ज्याच्या मालाची चोरी होत होती, त्यानेच चोरबाजाराच्या मांडणीला दाद दिली होती.

१८/
२३ ऑक्टोबर २००७ रोजी ब्रिटिश पोलिसांनी एलिस यांना अटक केली. ॲमस्टरडॅममधील सर्व्हर डच अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतले. खटला जानेवारी २०१० मध्ये टीसाइड क्राउन कोर्टात निकाली निघाला. आरोप होता फसवणुकीचा कट रचल्याचा. ज्यूरीने एलिस यांना एकमताने निर्दोष ठरवले. तोवर ओइंक बंद होऊन सव्वादोन वर्षे झाली होती. निकाल काहीही लागो, संस्थेचे आयुष्य जप्तीच्या दिवशीच संपते, हे या प्रकरणाने दाखवले.

१९/
ओइंक बंद झाल्यावर काही दिवसांतच व्हॉट.सीडी उभे राहिले. येथे प्रवेशाची परीक्षा आणखी कडक होती. निमंत्रण नसेल, तर ऑनलाइन मुलाखत द्यावी लागे. ध्वनिफाइलींचे प्रकार कोणते, एकदा दर्जा घटवलेली फाइल पुन्हा 'मूळ दर्जाची' म्हणून खपवली असेल तर ती आलेखावरून कशी ओळखायची, असे प्रश्न त्यात असत. सीडी अचूक उतरवल्याचा तांत्रिक पुरावाही फाइलींसोबत जोडला जाई. कॅसेटच्या काळी जी चाळणी अडचणींमुळे आपोआप तयार झाली होती, ती येथे अभ्यासक्रमाच्या रूपाने आली.

२०/
व्हॉट.सीडीवर एका अल्बमच्या अनेक आवृत्त्यांची वेगवेगळी नोंद असे : कोणत्या देशातील, कोणत्या वर्षाची, कोणत्या कंपनीची, तबकडीवरून उतरवलेली की सीडीवरून. सदस्य विषयवार याद्या रचत आणि हवी ती दुर्मीळ मुद्रिका मिळवून देणाऱ्यासाठी संकेतस्थळावरचे बक्षीस लावत. पोथ्यांच्या पाठभेदांवर काम करणाऱ्या कोणालाही ही शिस्त ओळखीची वाटेल. फरक एवढाच की, येथील संपादक टोपणनावाने वावरत होते आणि त्यांचे प्रत्येक काम कायद्याबाहेर होते.

२१/
या शिस्तीला काळी बाजूही होती. अमेरिकी लेखक जे. डी. सॅलिंजर यांच्या तीन अप्रकाशित कथा नोव्हेंबर २०१३ मध्ये व्हॉट.सीडीवर अवतरल्या. त्यांतील एक प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात केवळ देखरेखीखाली वाचता येत असे. आपल्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे ती छापू नये, अशी त्यांची अट होती. सॅलिंजर वारले २०१० मध्ये. दुर्मीळ ते सर्वांसाठी खुले करण्याची ओढ निर्मात्याच्या इच्छेला कुठवर ओलांडू शकते, हे या प्रसंगाने स्पष्ट झाले.

२२/
तेवढ्यातच आणखी एका प्रकारची कारवाई घडून गेली होती. १९ जानेवारी २०१२ रोजी अमेरिकी सरकारने मेगाअपलोड ही फाइलसाठवणीची सेवा बंद केली. तिच्यावर पायरेटेड चित्रपट होते, तसेच लोकांची स्वतःची कागदपत्रे आणि चित्रफितीही होत्या. ओहायोतील एका चित्रणकाराने स्वतः चित्रित केलेले शालेय सामने परत मिळावेत म्हणून न्यायालयात धाव घेतली. नेदरलँड्समधील एका कंपनीने आपल्याकडील ६३० सर्व्हर २०१३ मध्ये पुसून टाकले. त्यांत वैध काय नि अवैध काय, हे निवडायला कोणी बसले नव्हते.

२३/
कारवाईने पायरसी कमी होते का? स्वीडनचे उदाहरण उद्बोधक आहे. १ एप्रिल २००९ रोजी तेथे हक्कधारकांना संशयितांची ओळख मागता येईल असा कायदा लागू झाला आणि इंटरनेटची वर्दळ एका दिवसात घसरली. नंतरच्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासानुसार पहिल्या सहा महिन्यांत वर्दळ सुमारे १६ टक्क्यांनी घटली आणि संगीताची विक्री सुमारे ३६ टक्क्यांनी वाढली. म्हणजे धाकाचा परिणाम खरा होता. पण सहा महिन्यांनंतर तो बव्हंशी ओसरला. शिक्षा फारशा होत नाहीत, हे लोकांच्या लक्षात आले होते.

२४/
टिकाऊ बदल त्याच स्वीडनमध्ये वेगळ्या दिशेने आला. ऑक्टोबर २००८ मध्ये स्पॉटिफाय सुरू झाले होते. गाणे शोधावे आणि लगेच ऐकावे, हे नॅप्स्टरचे आकर्षण त्याने परवान्यासह देऊ केले. पुढील दशकात सामान्य श्रोत्याला फाइली उतरवून ठेवण्याचे कारणच उरले नाही. ज्यांना उरले ते व्हॉट.सीडीच्या प्रकारचे लोक : विशिष्ट आवृत्ती हवी असणारे, कंपनीने कधीच पुन्हा न काढलेले संगीत शोधणारे. थोडक्यात, खरे संग्राहक.

२५/
नोव्हेंबर २०१६ मध्ये फ्रान्समधील सासेम या संगीतकारांच्या हक्कसंस्थेने पाठपुरावा केलेल्या प्रकरणात तेथील जाँदार्मरीने व्हॉट.सीडीशी संबंधित सर्व्हर जप्त केले. त्यानंतर चालकांनी संकेतस्थळ बंद करत असल्याचे आणि सर्व माहिती नष्ट केल्याचे जाहीर केले. ही माहिती पोलिसांनी पुसलेली नव्हती. सदस्यांची ओळख कोणाच्या हाती लागू नये म्हणून रखवालदारांनीच आपल्या वास्तूला काडी लावली. ग्रंथालय जळाल्याची उपमा येथे लागू पडते, पण ती काडी कोणाच्या हाताने लागली हेही लक्षात ठेवायला हवे.

२६/
पुन्हा तोच हिशेब. गाणी सदस्यांच्या डिस्कवर होती, ती राहिली. सदस्यांपैकी काहींनी काही दिवसांतच नवी संकेतस्थळे उभारली आणि आपापले संग्रह पुन्हा चढवायला सुरुवात केली. संकेतस्थळ चालवणारे गॅझेल हे सॉफ्टवेअर चालकांनी आधीच सर्वांसाठी खुले केले होते, म्हणून इमारतीचा नकाशाही वाचला. हरवल्या त्या नऊ वर्षांच्या टिपणी, दुरुस्त्या, विषयवार याद्या, 'ही आवृत्ती घ्या, त्या आवृत्तीत दोष आहे' असे सांगणाऱ्या चर्चा. शिवाय ज्यांनी पुन्हा सुरुवात करण्याचा उत्साह गमावला, अशी माणसे.

२७/
महाराष्ट्राचा या इतिहासाशी दोन ठिकाणी थेट संबंध येतो. १९८१ चा आपला 'एमपीडीए' कायदा झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांना सुनावणीविना स्थानबद्ध करण्यासाठी होता. २००९ मध्ये त्यात दृक्‌श्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्यांची, म्हणजे 'व्हिडीओ पायरेट्स'ची भर पडली. ही स्थानबद्धता बारा महिन्यांपर्यंत असू शकते. कॉपीराइटचा भंग हा मुळात दोन पक्षांतील हक्काचा वाद. तो सार्वजनिक सुव्यवस्थेच्या गुन्ह्यांच्या पंगतीत कसा जाऊन बसला, याचा हा नमुना.

२८/
दुसरा संबंध मुंबई उच्च न्यायालयाचा. जुलै २०१६ मध्ये 'ढिशूम' चित्रपटाच्या निर्मात्यांनी अनेक संकेतस्थळे सरसकट बंद करण्याची मागणी केली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती तशी मान्य केली नाही. प्रत्येक पत्ता तपासून, पडताळून द्या, मगच तेवढ्यापुरता आदेश मिळेल, अशी त्यांची भूमिका होती. अशी संकेतस्थळे नुसती पाहणे हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नाही, हेही न्यायालयाने पुढच्या महिन्यात स्पष्ट केले. वैध काय नि अवैध काय हे निवडून पाहण्याची जी तसदी मेगाअपलोडच्या वेळी कोणी घेतली नव्हती, ती येथे मागितली गेली.

२९/
आणि एक गोष्ट आपल्या हाताशी असलेली. भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९६४ पर्यंत प्रकाशित झालेल्या मुद्रिकांवरचा हा हक्क आता संपला आहे (शब्द आणि चाल यांचे हक्क मात्र वेगळे मोजावे लागतात). पण हक्क संपल्याने तबकडी आपोआप सापडत नाही. ती कोणीतरी साठ वर्षे सांभाळलेली असावी लागते. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने जुन्या तबकड्यांची माहिती गोळा करण्याचे, याद्या करण्याचे काम उघडपणे आणि कायद्याच्या चौकटीत केले. तिथेही मुद्रिकेइतकेच मोल होते ते संग्राहकांच्या ज्ञानाला.

३०/
सारांश असा. कारवाईचा रोख प्रतींवर असतो, पण प्रती सर्वांत चिवट असतात. कारवाईने प्रत्यक्षात मोडते ती सूची आणि पांगतो तो समाज. निर्मात्याला त्याचा मोबदला मिळायला हवा आणि त्यासाठी कायदा हवाच. मात्र जप्त केलेल्या सर्व्हरमधील सूची, नोंदी आणि टिपणी, ज्यांत कोणाचेही गाणे नाही, त्या एखाद्या अभिलेखागाराकडे सोपवण्याची तरतूद वरील एकाही प्रकरणात दिसत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मागणी करायचीच, तर ती यासाठी करावी. तुमच्या घरी जुन्या तबकड्या किंवा कॅसेट असतील, तर त्यांच्या वेष्टनांवरील मजकूर आधी वहीत उतरवून ठेवा. गाणे कदाचित दुसरीकडे मिळेल, पण ती नोंद मिळेलच असे नाही.